पलंगाशेजारची ताई

धाकटीचं काम सांगायला सोपं आणि समजावायला अवघड होतं. लोक खुर्चीचा फोटो काढतात. त्या फोटोत खुर्चीमागे भिंत येते, भिंतीवर पाल येते, कोपऱ्यात कोणाची तरी उलटी पडलेली चप्पल येते. धाकटीने संगणकावर त्या खुर्चीच्या कडेकडेने बारीक रेघ ओढत जायचं, रेघेचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला आणून मिळवायचं, आणि मग खुर्ची सोडून बाकीचं जग पुसून टाकायचं. मागे पांढरंशुभ्र काहीच-नाही आणि मधोमध खुर्ची. आता ती विकायला मोकळी.

"म्हणजे दिवसभर कापाकापीच करतेस?" नातेवाईक विचारत.

"हो."

"आणि कात्री?"

"कात्री नसते."

यापुढे ते संभाषण कधी गेलं नाही.

तिच्या मालकाला पांढऱ्याचं इतकं वेड होतं की त्याच्यामागे सगळे त्याला सफेदशेठ म्हणत. त्याच्या स्वतःच्या टेबलावर चहाचे इतके गोल डाग होते की खालचं लाकूड शोधावं लागे, पण पडद्यावर राखाडी रंगाचा एक ठिपका राहिला तर त्याला अन्न गोड लागत नसे. धाकटीवर मात्र त्याचा भरवसा होता. नवशिके वस्तू बाहेरून नीट कापायचे आणि आतून विसरायचे. कपाच्या कानातून टेबलक्लॉथ डोकावायचा. झारा कापला तरी त्याच्या भोकाभोकांतून कुणाचं तरी स्वयंपाकघर दिसत राहायचं. कमरेवर हात ठेवून उभ्या बाईच्या कोपराच्या आत जो त्रिकोण असतो, तो तर हमखास राहायचा. धाकटीचा कधी राहिला नाही.

आता घरचं. नानांना, म्हणजे तिच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, नजर आणि आठवणही अंधुक झाली, तेव्हा ते कोणाकडे राहणार हा प्रश्न घरात निघालाच नाही. धाकटीने लग्न केलं नव्हतं, म्हणून ती मोकळी. ताईने केलं होतं, म्हणून ती अडकलेली. नाना धाकटीच्या दोन खोल्यांत आले, आणि पलंग, चाकाची खुर्ची, औषधांचं स्टूल एवढं मांडून झाल्यावर जी जागा उरली तीत धाकटी राहू लागली. सकाळी अंग पुसणं, दाढी, व्यायाम, खाणं, पलंगावरचं भांडं, मग कामावर, परत आल्यावर तेच उलट्या क्रमाने. ती कामावर असताना आत्या, म्हणजे नानांची मोठी बहीण, येऊन बसे आणि दिवसभर त्यांच्याशी भांडे. त्याने नानांची प्रकृती बरीच सुधारली होती.

ताई दुसऱ्या शहरात, गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तिच्या घरी पाहुण्यांची एक खोली होती, जिच्यातली चादर कधी चुरगळली नव्हती. धाकटी दरवर्षी एकदा फोन करून विचारी.

"ताई, एक महिना ने ना नानांना. एकच महिना. मी फक्त झोपते."

"अगं, माझा जीव तुटतो इकडे. पण मला त्यातलं काही म्हणता काही येत नाही गं. माझा हात जड आहे. वस्तरा नुसता बघितला तरी मला घेरी येते. तुझं बरं आहे, तुला येतं."

"मला तरी कुठे येत होतं?"

"पण आता येतं ना!"

याचं उत्तर धाकटीने बरीच वर्षं शोधलं. ज्याला येत नाही तो सुटला आणि ज्याला येतं तो अडकला, या कायद्यातून पळवाट निघत नव्हती. काळजी मात्र ताईला अपार होती. "मला रोज एक फोटो पाठवत जा नानांचा, त्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही," असं तिने बजावलं होतं. म्हणून धाकटी पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवी, आपोआप फोटो निघेल असं लावी, आणि नानांच्या गालाला साबण लावताना, पाय दुमडताना, भरवताना फोटो निघत. ते ताईला जात. ताई त्यावर पाणावलेल्या डोळ्यांचं एक चित्र पाठवी आणि जेवायला बसे.

मग एके दिवशी ताईचा फोन आला. आवाज लाडात आलेला होता, म्हणजे काम होतं.

"अगं, आमचं ज्येष्ठ सेवा मंडळ यंदापासून आदर्श कन्या पुरस्कार देतंय."

"बरं."

"आणि पहिला मलाच देतायत. मी नको नको म्हणत होते."

"तू तर मंडळाची उपाध्यक्ष आहेस ना?"

"म्हणून तर नको म्हणत होते. पण कोणी ऐकेचना. आता ते म्हणतात, पडद्यावर दाखवायला वडिलांची सेवा करतानाचे फोटो द्या. फोटो आहेत माझ्याकडे ढीगभर. पण त्यात तू आहेस."

"हो. कारण तिथे मी होते."

"तेच म्हणते ना मी! तू काय, सोफेच्या सोफे इकडचे तिकडे करतेस. मला उचलणं काय अवघड आहे? तू तुला काढ आणि तिथे मला बसव. तीन-चार पुरेत. आणि बहिणीचं कौतुक झालं तर तुला काय वाईट वाटणार आहे?"

धाकटी म्हणाली, "बघते." हे ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली, की ताईला तिथेच घाम फुटायला हवा होता. पण ताईने तिचं कधी नीट ऐकलेलं नव्हतं, तेव्हा तरी का ऐकेल?

रविवारी दुपारी आत्याला नानांपाशी बसवून धाकटी कामावर गेली. सफेदशेठ रविवारीही येत असे. घरी पांढरं काही नव्हतं. तिने घरचं काम आहे म्हणून परवानगी मागितली. तो म्हणाला, "कर, पण स्वच्छ कर."

ताईने स्वतःचे फोटो पाठवले होते. सगळे समुद्रकिनाऱ्यावरचे. कमरेवर हात ठेवून उभी ताई, वाळूत वाकून शंख उचलणारी ताई, गुडघ्यावर बसून कुणाच्या तरी कुत्र्याला कुरवाळणारी ताई, आणि अशा आणखी कितीतरी. वाकलेली ताई अंग पुसायला चालण्यासारखी होती, कुत्र्याची ताई पायांच्या व्यायामाला. कमरेवरचा हात दाढीच्या फोटोला बरा होता. दाढी करताना धाकटी डावा हात तसाच ठेवी, पाठ दुखे म्हणून.

आधी तिने स्वतःला कापलं. आपली पाठ माणूस कधी एवढ्या जवळून पाहत नाही. ती पाठीच्या कडेने रेघ ओढत खाली आली आणि आपण केव्हापासून इतकं वाकलो हे तिला तिथे कळलं. शेवटचं टोक पहिल्या टोकाला मिळालं. बटण दाबलं. नानांच्या पलंगाशेजारी धाकटीच्या आकाराचं भोक पडलं, ते तिने उशीचा तुकडा, भिंतीचा तुकडा लावून बुजवलं. धाकटी नव्हतीच, अशी भिंत झाली.

फक्त हात राहिले. वस्तूला धरलेला हात शक्यतो कापायचा नाही, अशी या धंद्यातली रीत आहे. बोटं आणि वस्तू एकमेकांत इतकी गुंतलेली असतात, की बोट कापलं की वस्तू लुळी पडते. वस्तरा धरलेला हात धाकटीचाच ठेवावा लागला. तिने ताईची बाही ओढून त्याच्या मनगटापर्यंत आणली, आणि ताई नानांची दाढी करू लागली.

आणि मग धाकटीने ताईच्या कोपरातला त्रिकोण तसाच सोडला.

आजारी माणसाच्या खोलीत, औषधांच्या बाटल्यांशेजारी, ताईच्या कोपराच्या आत एक चिमुकला निळा समुद्र. त्यात एक लाटही होती. धाकटीने खुर्ची मागे सरकवून तो डोळे भरून पाहिला. भरलेल्या सभागृहात, भिंतीएवढ्या पडद्यावर हा समुद्र दिसेल. कोणीतरी हसेल, कोणीतरी बोट दाखवेल. ताईचं तोंड कसं होईल याची ती कल्पना करत होती, तेवढ्यात सफेदशेठ कप घेऊन मागे उभा राहिला.

"समुद्र राहिलाय."

"राहू दे म्हटलं."

"का?"

"माझी बहीण आहे ती."

सफेदशेठने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "बहीण असली तरी भोक ते भोक," तो म्हणाला. "चूक दिसली की गिऱ्हाईक माल परत पाठवतं. परत आलेला माल कुठे ठेवणार? आपल्याच घरात." आणि तो टेबलावर आणखी एक गोल डाग पाडायला निघून गेला.

धाकटी बराच वेळ त्या समुद्राकडे बघत बसली. शेठचं म्हणणं खरं होतं. समुद्र दिसला तर काय होईल? ताईची एक संध्याकाळ वाईट जाईल. ती रडेल. ती रडली की नेहमीप्रमाणे सगळे तिच्याभोवती जमतील, कोणीतरी पाणी आणेल, आणि धाकटीने भर सभेत बहिणीची लाज काढली असं ठरेल. ताई म्हणेल, बघा, मला यातलं काही येत नाही हे मी आधीपासून सांगत होते. आणि समारंभाला नेलेले नाना त्याच गाडीने परत दोन खोल्यांत.

पण माल बिनचूक निघाला तर?

धाकटीने खुर्ची पुढे ओढली आणि समुद्र बुजवला. नुसता बुजवला नाही. पलंगाच्या बाजूने ताईवर खिडकीचा उजेड पाडला, उन्हातला तिचा गाल निववला, तिची सावली नानांच्या चादरीवर सुरकुत्यांप्रमाणे वळवून घातली. मग दुसरा फोटो घेतला. मग तिसरा. तीन-चारवर ती थांबली नाही. ताई अंग पुसू लागली. ताई नखं काढू लागली. ताई पाठीला पावडर लावू लागली, औषध मोजू लागली, एका हाताने मान उचलून दुसऱ्या हाताने उशी सरकवू लागली, जे शिकायला धाकटीला कितीतरी महिने गेले होते. ताईने पलंगावरचं भांडंसुद्धा दिलं, आणि तेही हसत, कारण मूळ फोटोत तिच्या हातात आइस्क्रीम होतं. ताईचं सगळं शिक्षण त्या एका दुपारी झालं.

फोटो मिळाल्यावर ताईचा आनंदाने चिरकलेला फोन आला. "अगं, किती छान दिसतेय मी! भांडं हातात धरूनसुद्धा!"

"तू कशातही छान दिसतेस."

"पण इतके कशाला केलेस?"

"तुझ्यासाठी करायचं आणि हात आखडता घ्यायचा?"

"मग सगळेच लावू या," ताई म्हणाली. धाकटीने हेच गृहीत धरलं होतं.

समारंभाला धाकटीने गाडी ठरवली आणि नानांना, आत्याला घेऊन गेली. सभागृह भरलेलं होतं. मंडळाचे अध्यक्ष, दर वाक्यानंतर स्वतःच मान डोलावणारे एक गृहस्थ, बोलले. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर ताई आली. खोलीत जेवढी ताई मावत नाही तेवढी मोठी ताई, नानांच्या गालावर वस्तरा फिरवताना. सभागृहातून एक ओलसर हुंकार उठला. फोटोमागून फोटो येत गेले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले.

आत्या धाकटीच्या कानाशी वाकली. "ते हात कोणाचे आहेत?"

"लांबून तसे वाटतात."

"मला शिकवतेस? मी तुझे हात रोज बघते. काय चाललंय तुझं?"

"काही नाही. ताईचं कौतुक."

आत्याने तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं. मग पर्स उघडली, खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला आणि पर्स बंद केली. आत्या असा तोंडात खडा धरून गप्प बसली, म्हणजे ती आपल्या बाजूची झाली असं समजायचं.

ताई मंचावर बोलत होती. "दाढी करताना मला कळेनासं होतं, की ते माझे वडील आहेत की माझं बाळ." टाळ्या. तिचे यजमान पहिल्या रांगेत आपल्या बुटांकडे बघत होते. बूट नवे असावेत.

धाकटीचा बेत साधा होता. कार्यक्रम संपला की अध्यक्षांसमोर आत्याकरवी नानांना ताईकडे ठेवण्याचा विषय काढायचा. पण अध्यक्षांना वडिलांचे दोन शब्द हवे होते. ते ध्वनिक्षेपक घेऊन चाकाच्या खुर्चीपाशी आले. नाना रडत होते.

"मला," नाना म्हणाले. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड पडत, पण स्पष्ट पडत. "मला वाटायचं, धाकटीच करते सगळं."

सभागृह प्रेमाने हसलं.

"डोळे गेले माझे. डोक्याचंही तेच. कोण येतं, कोण जातं, कळत नाही. आज दिसलं." त्यांनी डाव्या हाताने पडद्याकडे बोट केलं. "थोरलीचा हात हलका. एवढ्या वर्षांत एकदा कापलं नाही मला."

हे धाकटीने धरलेलं नव्हतं. आज सकाळी, गाडीत बसण्यापूर्वी, तिने त्यांची दाढी केली होती. त्या गालावरून अजून साबणाचा वास येत असणार. भिंतीच्या तुकड्याने बुजवलेलं ते भोक नानांच्या डोक्यातही बुजलं होतं, आणि तेही इतकं स्वच्छ, की सफेदशेठने पाठ थोपटली असती. ती उठायला लागली. ते माझे हात आहेत, एवढंच तिला सांगायचं होतं.

आत्याने तिचा गुडघा दाबला. खडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून ती पुटपुटली, "बस. आता उठलीस तर पुन्हा कधी उठता येणार नाही."

धाकटी बसली.

"आता मी थोरलीकडेच राहणार," नाना म्हणाले. "शेवटपर्यंत."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छताच्या पंख्यावरची धूळ खाली आली. अध्यक्षांनी मान डोलावत जाहीर केलं, की मंडळ दर आठवड्याला ताईंच्या घरी भेट देईल, म्हणजे इतर कन्यांनाही शिकता येईल. ताईच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी फोटोतून आणून बसवल्यासारखं.

कार्यक्रमानंतर तिने धाकटीला पडद्यामागे गाठलं.

"तू हे मुद्दाम केलंस."

"तूच सांगितलंस, ताई."

"मी तीन-चार सांगितले होते!"

"बहिणीला काय मोजून द्यायचं?"

"अगं, मला नाही गं येत त्यातलं काही, तुला माहितीये..."

तेवढ्यात अध्यक्षांच्या पत्नीने पडदा बाजूला करून मान आत घातली. "तुम्ही इथे होय! एकदा आमच्या सासऱ्यांना बघायला या ना. ते कोणालाच दाढी करू देत नाहीत. तुमचा हात एवढा हलका!" ताई म्हणाली, येईन की.

नानांचं सामान कोण आणणार, असं ताईच्या यजमानांनी विचारलं. गाडीतच आहे, धाकटी म्हणाली. रस्त्यात लागेल म्हणून आणलं होतं. रस्त्यात लागेल म्हणून तिने त्यांचे सगळे कपडे, थंडीचे वेगळे, सगळी औषधं, पलंगावरचं भांडं आणि त्यांचं आवडतं लाकडी स्टूल आणलं होतं. यजमानांनी पुढे एका शब्दानेही काही न विचारता सगळं आपल्या गाडीत भरलं. बोलून उपयोग नसतो हे त्या माणसाला लग्नापासून ठाऊक होतं.

निघताना धाकटी नानांच्या पायाशी वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तूही येत जा अधूनमधून," ते म्हणाले. "थोरलीला तेवढीच मदत."

"येईन," धाकटी म्हणाली.

ती गेली नाही. पहिला आठवडा ती नुसती झोपली. मग तिने पलंग भिंतीकडून खिडकीकडे ओढला आणि स्वतः त्यावर झोपू लागली. संध्याकाळी कामावरून सरळ घरी न येता ती बाजारातून, नदीवरच्या पुलावरून, कुठूनही येई. आत्या अजून दुपारी यायची, कोणी भांडायला नाही म्हणून कुरकुरायची आणि जायची. कोणी विचारलं तर धाकटी सांगायची, नाना ताईकडे असतात, ताई फार करते त्यांचं. हे सांगताना तिच्या तोंडाला चव यायची.

ताईचे फोन येत. सुरुवातीला रागाचे, मग रडवेले. माणूस ठेवला होता, नानांनी त्याला हाकलला; त्यांना थोरलीचाच हात हवा. मंडळाच्या बायका दर आठवड्याला वह्या घेऊन येऊन बसत आणि अंग पुसताना पाण्यात काय घालता ते विचारत. यजमान ऑफिसातून उशिरा येऊ लागले होते.

एका दुपारी धाकटी एका झाऱ्याची भोकं मोकळी करत होती, तेव्हा पुन्हा फोन वाजला. या वेळी ताई रडत नव्हती. आवाज सपाट झालेला होता.

"मी सगळं सांगून टाकते," ताई म्हणाली.

"काय?"

"मंडळात जाऊन उभी राहून सांगते. फोटोत मी नव्हतेच म्हणून. सगळं तू केलंस, एवढी वर्षं तूच केलंस, मी फिरकलेसुद्धा नाही. नानांनाही सांगते. पाया पडून सांगते. पुरस्कार तुझ्या नावाने द्या म्हणते. मग तरी नेशील ना त्यांना?"

धाकटीचा हात थांबला. हे वाक्य ऐकायला तिने किती वर्षं वाट पाहिली होती हे फक्त तिला माहीत होतं. आणि वाक्य खरं होतं. ताईला आता खोटं बोलायलाही त्राण उरलेलं नव्हतं. एक हो म्हणायचा अवकाश होता. सभागृह तेच असेल, टाळ्या त्याच असतील, नाना तिच्याकडे बघून म्हणतील, तूच होतीस होय. आणि मग गाडीत सगळं सामान भरलं जाईल, थंडीच्या कपड्यांसकट, आणि खिडकीशी ओढलेला पलंग परत भिंतीशी जाईल.

तिने दोन्ही गोष्टी शांतपणे शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. नानांच्या डोक्यात आपण नाही, हे तिला दुखत होतं आणि पुढेही दुखणार होतं. ते तिने तसंच ठेवलं.

"असं काही करू नकोस, ताई," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील तुला? एवढं नाव झालंय तुझं."

"मला नको ते नाव!"

"असं कसं? आणि फोटो किती छान आलेत. राहू देत."

पलीकडे लांबून नानांची हाक आली. जड, पण स्पष्ट. थोरले, पाणी गार झालं गं. थोरले, ए थोरले.

"धाकटे, ऐक ना," ताई म्हणाली.

"ऐकतेय," धाकटी म्हणाली, आणि खरोखरच ऐकत राहिली. नाना पुन्हा हाक मारेपर्यंत तिने वाट पाहिली, ती हाक पूर्ण ऐकली, ताई कुठेतरी बादली सरकवत निघाल्याचा आवाजही ऐकला, आणि मगच फोन ठेवला.